बोजाऱ्यात मागितलेला उजेड

मु. पो. सावरटेक, ता. महागाव
सोमवार, २८ जुलै २०१४

चि. शाल्मली,

तुले अन् तुह्या होस्टेलातल्या साऱ्या पोरींले आजीचे आशीर्वाद. अक्षर पाहून दचकू नको. हे गोपालच्या पोरीचं, स्पृहाचं नाई, माह्यं सोताचं हाय. दुसरीतून शाळा सुटली तेव्हा माह्या बापानं म्हटलं होतं, लिहिता येते तेवढं पुरे, तुले का तलाठी व्हायचं हाय? मंग मोतीबिंदू आला अन् तेवढंही गेलं. आता मे महिन्यात तू अन् तुह्या मायनं यवतमाळले नेऊन माह्या उजव्या डोळ्याचं आपरेशन करून आणलं, तर पाह्य, पेन्सिलीचं टोक दिसते, कागदाची ओळ दिसते. माह्यं अक्षर ओळीवर बसत नाई, खाटेवर बसल्यावानी पाय खाली सोडते. पण दिसते तर!

काय काय दिसते सांगू? तांदळातला खडा. मुंगीची कंबर. तुह्या आबाजीच्या कानातले केस. परवा मी बुढ्याले म्हटलं, “अवो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झाले?” तर म्हणते कसं, “तू पाहत नव्हती तेव्हा.” दोघं मिळून इतके हासलो का सूनबाई चुलीजवळून धावत आली. डावा डोळा अजून धुक्यात हाय. तो आळशी. त्याले मी म्हणतो, बस बापा घरात पडदा लावून, दिवाळीनंतर तुही बारी.

फोन कर म्हणतं तू, पण फोन माह्या कानाले लागत नाई. आत कोंबडी खरडल्यावानी वाजते, मी व्हय व्हय म्हणतो अन् ठेवून देतो. कागद बरा. दोनदा वाचता येते. अन् कागदावरचं मी मानतो. तुहा मामा गोपाल तोंडानं सांगते ते मानत नाई, हे त्यालेही माहीत हाय.

आता मुद्द्याचं. यंदा पाणी उशिरा आला, कापसाची पऱ्हाटी दोनदा पेरली. गावात खऱ्या बैलाच्या जोड्या नऊच राह्यल्या, बाकीच्यांनी विकल्या. पण लाकडी बैल त्रेपन्न हायेत, मी घरोघर जाऊन मोजून आली. मोठ्या पोळ्याले तोरणाखाली अर्धी जागा मोकळी, अन् दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याले पोट्टे आपापले चाकाचे बैल घेऊन आले का पाय ठेवाले जागा नाई! म्हणून यंदा सारा जोर तान्ह्या पोळ्यावर. आपल्या स्पृहाच्या बैलाचा पहिला नंबर आणायचा, असं मी मनात धरलं हाय. पोरगी दुसरीत हाय, म्हणजे माह्याच वर्गात.

तर गोपालनं महागावच्या बाजारातून एक बॅटरी आणलती. पेनावानी, पण अंगठ्याएवढी जाड. तिच्यातून हिरवी दोरी निघते, दोरी! थेट नाल्यापलीकडच्या निंबाले जाऊन लागते. विकणारा म्हणे, रानडुकरं पळतेत. डुकरांनी एकदा पाह्यलं, दोनदा पाह्यलं, मंग तिच्याच उजेडात भुईमूग उकरला. गोपालनं रागानं ती भंगारात फेकली. मी गुपचूप उचलली. आता पिठाच्या डब्यात हाय, फक्त बुढ्याले ठाऊक. ती मी बैलाच्या कपाळाले बांधणार. तोरणाखाली आपला बैल उभा राह्यला का कपाळातून हिरवी दोरी निघन, सारा गाव तोंडात बोट घालन.

तू डोळ्याचंच शिकून राह्यली म्हणून विचारतो. चालते ना? कोणाले सांगू नको.

तुही आजी
इंदुताई


नागपूर
शनिवार, २ ऑगस्ट २०१४

ती. आजी,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझं पत्र मी जेवताना सगळ्या मैत्रिणींना मोठ्यानं वाचून दाखवलं. “तू पाहत नव्हती तेव्हा” या वाक्यावर आमच्या वॉर्डनबाईसुद्धा हसल्या. आता त्या रोज विचारतात, आजीचं नवीन पत्र आलं का? तुझी अक्षरं खाटेवर बसोत नाहीतर झोक्यावर, मला ती फार आवडली.

घाईत लिहिते आहे. सोमवारपासून परीक्षा. चष्म्याचे नंबर काढायचं प्रात्यक्षिक आहे आणि माझा हात थरथरतो.

बॅटरीचं म्हणशील तर घाबरण्यासारखं काही नाही. आमचे सर वर्गात फळ्यावर दाखवायला अशीच पेनाएवढी वापरतात. तिचा लाल ठिपका पडतो, तुझ्याकडे हिरवा असेल. खेळण्यातली गोष्ट. कुणाच्या डोळ्यावर मुद्दाम धरू नका, एवढंच. बैलाला लाव खुशाल. आणि नंबर आला की मला पेढे हवेत.

थेंब दिवसातून तीनदाच. तू चारदा टाकतेस असं मामी म्हणत होती. जास्त टाकल्यानं जास्त दिसत नाही, आजी.

तुझी
शाल्मली


सावरटेक
शुक्रवार, १५ ऑगस्ट २०१४

चि. शाल्मली,

आज शाळेत झेंडा झाला. स्पृहानं भाषण केलं, मधात विसरली, मंग माह्याकडे पाहून हासली अन् “जय हिंद” म्हणून उतरून आली. मले ते सारं शेवटच्या रांगेतून दिसलं. परीक्षा कशी झाली? हात थरथरला का? थरथरला तर थरथरू दे, माहाही थरथरते, तरी बघ दुसरं पत्र लिहून राह्यली.

तुह्यं पत्र आलं अन् आम्ही कामाले लागलो. तांड्यावरच्या देवसिंगच्या याडीले तू ओळखतं. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत माय, पण सारा गाव तिले याडीच म्हणते. तिनं आपल्या बैलाले झूल शिवली. शेंदरी कपडा, त्याच्यावर पहा, कौड्या अन् आरसे! साठ आरसे, प्रत्येक बोराएवढा. म्हणे, “इंदू, तुह्या नातीसाठी माह्या लग्नाच्या फेटियातले काढून लावले.” फेटिया म्हणजे तिचा घागरा. मी म्हटलं, “याडी, मंग तू काय नेसशीन?” तर म्हणते, “मी आता कोणाशी लग्न करून राह्यली?”

अन् तिथंच मले अक्कल सुचली. हिरवी दोरी एकच. पण ती पुढच्या आरशावर पाडली तर? एकाचे दोन, दोनाचे चार, साठही आरसे पेटले तर दिवाळीच! राखीच्या दिवशी, रविवारी, स्पृहा मामाकडे गेलती तेव्हा दुपारी आम्ही मागच्या ओसरीत दार लोटून पाह्यलं. बुढ्यानं बैल हळूहळू फिरवला, मी बटन दाबलं. काय सांगू माय! भिंतीवर, पाटावर, कापसाच्या खोलीच्या दारावर, जिकडे तिकडे हिरवे काजवे. एक आरसा वळला अन् माह्या डोळ्यातच वीज लखलखली. मी जोरानं हासली. बुढा म्हणे, “पोरीवानी काय किंचाळतं?”

त्या बॅटरीत जोर हाय बरं. बुढ्यानं माचिसची काडी कोळशानं काळी केली, दाराच्या फटीत खोचली, दहा पावलांवरून उजेड धरला, अन् फुस्स! पेटली. त्याले असं वाटलं का आपण शास्त्रज्ञ हाव. मंग आपलीच काळी छत्री टांगली अन् तिले भोक पाडलं. आता पाऊस आला का भोकातून बरोबर त्याच्या टकलावर पडते. मी म्हटलं, भोगा.

बॅटरीवर एक पिवळा कागद चिकटवला होता. तीन कोपऱ्याचा, अन् मधात सूर्यनारायण, किरणं काढलेला. त्याखाली एक काडी अन् तिले लागून एक चिमटा, असं काही. बाकी इंग्रजी. देवाचं चित्र वाया काहून घालवा? मी तो कागद अलगद काढून बैलाच्या कपाळाले चिकटवला अन् रोज कुंकू लावतो.

पण एक वाईट झालं. याडीच्या पोटात गोष्ट राह्यत नाई. नानाजी मास्तरच्या घरी, रामसिंगच्या घरी अन् लखीरामच्या घरी तसलीच बॅटरी होती, डुकरांसाठी आणलेली. आता तिघंही आपापल्या नातवंडांच्या बैलाले बांधतो म्हणतात. नक्कलबाज! नानाजी तर आरशाची झूलही करून राह्यला. वाद नको म्हणून मी गप्प हाव, पण साठ आरसे त्याच्या बापाच्यानं होणार नाईत.

आणखी एक गंमत. राखीपासून घरात एक माशी आली हाय. चिवट. मी ज्या अक्षराकडे पाहतो नेमकी त्याच्यावर येऊन बसते. हाकलली तर उडत नाई, बाजूले पाह्यलं तर बाजूले येते. हे पत्र लिहितानाही बसली हाय. भाताच्या शिताकडे पाह्यलं तर शितावर, बुढ्याच्या नाकाकडे पाह्यलं तर नाकावर. मी परवा पंख्यानं फटका मारला, तो बुढ्याले लागला. माशी तशीच.

पेढ्याची तयारी ठेव. पोळा २५ तारखेले, तान्हा पोळा २६ ले.

तुही आजी


नागपूर
बुधवार, २० ऑगस्ट २०१४
(स्पीड पोस्ट)

ती. आजी,

हे पत्र हातातलं काम ठेवून वाच. शेवटपर्यंत वाच.

काल मी मामाला तीनदा फोन केला. तो म्हणतो, “ती बॅटरी मी केव्हाच भंगारात टाकली.” मी त्याला तुला विचारायला लावलं. तू म्हणालीस, “काय? ऐकू नाई येत.” आजी, तुला सोयीचं असतं तेवढंच ऐकू येत नाही, हे मी लहानपणापासून बघते आहे. आबाजींनाही विचारलं. ते म्हणाले, कोणती बॅटरी? म्हणून कागदावर लिहिते. कागदावरचं तू मानतेस.

पहिली गोष्ट. ती बॅटरी पिठाच्या डब्यातून काढ, तिचं झाकण फिरवून आतले सेल बाहेर काढ आणि सेल वेगळ्या ठिकाणी ठेव. बटण पुन्हा दाबायचं नाही.

दुसरी. हे पत्र हातात धरून दाराच्या चौकटीसमोर उभी राहा. चौकटीवर गणपतीची फरशी आहे ना, तिच्याकडे बघ. आधी डावा डोळा हातानं झाक आणि उजव्यानं बघ. मग उजवा झाक आणि डाव्यानं बघ. माशी दोन्ही डोळ्यांना दिसते की एकाच?

एकाच डोळ्याला दिसली तर ती माशी घरात नाही, आजी. तो तुझ्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचा डाग आहे. त्या दिवशी आरशातून जी वीज लखलखली, तिनं तिथं भाजलं आहे. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून कळत नाही.

तो पिवळा कागद म्हणजे सूर्यनारायण नव्हे. जगभर या उजेडाच्या, म्हणजे लेझरच्या, धोक्याची ती खूण असते. आणि काडीला लागून चिमटा म्हणजे रोमन चार. उजेडाच्या ताकदीचे वर्ग असतात, त्यातला चौथा सगळ्यात वरचा. आमच्या सरांच्या पेनासारखी ही नाही. ही भिंतीवर दुरून दिसली तरी डोळ्यांना बरी नाही, आणि आरशातून उलटली तर पापणी मिटायच्या आतच काम करून जाते. दहा पावलांवरून काडी पेटवते ती डोळ्यात काय करेल? आणि तुम्ही काडी पेटवली कुठे, तर गेल्या सालच्या कापसानं गच्च भरलेल्या खोलीच्या दाराशी!

चार बैल. तुझे साठ आरसे, वर नानाजींच्या झुलीचे. तोरणाखाली त्रेपन्न लेकरं, आणि सगळी डोळे फाडून बघणार, कारण तो दिवसच बघण्याचा. आजी, एकही बॅटरी तिथं पेटता कामा नये. कशी थांबवायची ते मला सुचत नाही. मामाला सांगून ते तिघं ऐकतील असं वाटत नाही. तुला सुचेल.

आईनं गुरुवारी, २८ तारखेला यवतमाळच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मामाला मी फक्त “तपासणी” म्हटलं आहे.

आणि शेवटचं. तू मला आधी विचारलं होतंस. मी परीक्षेच्या घाईत नीट न विचारता लिहिलं, “लाव खुशाल.” तुझ्या पहिल्या पत्रातल्या दोन ओळी मी पुन्हा वाचल्या. थेट नाल्यापलीकडच्या निंबाला लागते, असं तू लिहिलं होतंस. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. तुझ्या पत्रात सगळं होतं, मी वाचलं नाही.

शाल्मली


सावरटेक
बुधवार, २७ ऑगस्ट २०१४

चि. शाल्मली,

आधी हे सांगतो का त्रेपन्नच्या त्रेपन्न लेकरं ठणठणीत हायेत. आता श्वास घे अन् पुढचं वाच.

तुह्यं पत्र ऐन पोळ्याच्या दिवशी आलं. भीमसिंग पोस्टमन कपाळाले गुलाल लावून आला, म्हणे, “इंदुताई, सही करा, मोठं पत्र हाय.” मी पोळ्याचे वडे सोडून बसली. बोट ठेवून ठेवून वाचलं. एकदा, मंग दुसऱ्यांदा. मंग दाराच्या चौकटीसमोर उभी राह्यली. डावा झाकला. गणपती दिसला, पण सोंडेच्या जागी माशी. उजवा झाकला. धुक्यात गणपती, माशी नाई. चारदा केलं. दर वेळी तसंच.

पाटावर बसली. बुढा चहा घेऊन आला, त्यात साखर टाकायची विसरला होता. मी त्याले पत्र वाचून दाखवलं. त्यानं कप खाली ठेवला. मंग म्हणे, “बैल मी फिरवला.” मी म्हटलं, “बटन मी दाबलं.” तो म्हणे, “काडी मी पेटवली.” मी म्हटलं, “अवो, भांडण कराले दुसरा विषय नाई का?” तेव्हा कुठं हासला.

मंग मी डाव्या डोळ्याची माफी मागतली. त्याले आळशी म्हणत होती मी. तो पडदा लावून घरात बसला म्हणून वाचला पोरी! उजवा नव्या नवरीवानी साऱ्यांपुढं मिरवाले गेला, त्याले दृष्ट लागली. डावा मोतीबिंदूच्या मागे लपला, शहाणा.

आता बाकीच्या तीन बॅटऱ्या. बुढा म्हणे, पोलीस पाटलाले सांगू. मी म्हटलं, सणाच्या दिवशी पोलीस पाटील भजे खाते, तो कोणाच्या घरी जाते? अन् नानाजीले कोणी नाई म्हटलं का तो दुप्पट करते. रातभर विचार केला नाई, मले वडे तळता तळताच सुचलं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लेकरं बैल घेऊन घरोघर बोजारा मागतेत. कोणी खाऊ देते, कोणी रुपया. पण दारात बैल उभा राह्यला अन् बोजारा मागतला तर आपल्या गावात नाई म्हणत नाईत, मंग मागणारा कोणी का असेना. बस्स! काल सकाळी मी स्पृहाले न्हाऊ घातलं, बैलाची दोरी मी हातात घेतली, बुढ्याची छत्री खांद्यावर टाकली अन् निघाली. स्पृहा मागून ओरडे, “आजी, बैल माहा हाय!” मी म्हटलं, “तुहाच हाय, मी गडी हाव.” चाकं गडगड वाजत, सारं गाव दारात आलं. एवढी म्हातारी बोजारा मागते, लोकं पोट धरून हासले. हासू दे. हासणाऱ्याचा दरवाजा उघडा राह्यते.

रामसिंगच्या दारात म्हटलं, “बोजारा!” त्यानं खिशात हात घातला. मी म्हटलं, “पैसा नको. तुही हिरवी बॅटरी पाहिजे.” तो म्हणे, “काय वो इंदुताई, पहिला नंबर असा आणतं?” मी माह्या बॅटरीचे सेल काढून त्याच्या हातात ठेवले. म्हटलं, “पाह्य, माह्याही बैलाले नाई.” देऊन टाकली त्यानं. लखीरामची सून तर धावत आणून देती झाली, म्हणे, “घेऊन जा वो माय, आमच्या पोट्ट्यानं काल गादीले भोक पाडलं.”

राह्यला नानाजी. खुर्ची टाकून बसलेला, शाळेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाले पण अजून साऱ्या गावाले मार्क देते. म्हणे, “इंदुताई, या वयात बोजारा?”

मी म्हटलं, “बैल लाकडाचा, मी हाडाची. दोघांतून वय कोणाचं पाहता?”

“काय पाहिजे?”

“तुमच्या नातीच्या बैलाच्या कपाळाची बॅटरी.”

“वा! तुमचा बैल पहिला यावा म्हणून माह्या बैलाचा दिवा विझवता व्हय? चारशे रुपयाची वस्तू हाय. अन् तुम्हाले काय कळते बॅटरीतलं?”

मी छत्री उघडली. भोक त्याच्या डोळ्यासमोर धरलं अन् म्हटलं, “मास्तर, यातून पाहा.” तो वाकला, भोकाले डोळा लावला. पलीकडून मी त्याच्याकडे पाहत होती. म्हटलं, “हे भोक या बॅटरीनं पाडलं. असंच एक माह्या उजव्या डोळ्यात हाय. नवाकोरा डोळा, तीन महिन्यांचा. आता तुम्ही माह्यासमोर उभे हा, पण तुमचं नाक मले दिसत नाई. तिथं माशी हाय. माह्यं ठीक हाय, माह्यं पाहून झालं. तुमच्या नातीले अजून सारं पाहायचं हाय.”

आंगणात बाया-माणसं जमले होते. सूनबाईले अन् गोपाललेही तेव्हाच कळलं, मी घरी बोललीच नव्हती. गोपाल पुढं येऊन माह्या बाजूले उभा राह्यला. नानाजी सरळ उभा राह्यला. आत गेला. मले वाटलं, दार लावते आता. तर बाहेर आला ते ताट घेऊन. ताटात हळद, कुंकू, पान, सुपारी अन् वर बॅटरी. माह्या बैलाले कुंकू लावलं, ताट पुढं केलं, म्हणे, “बोजाऱ्याले नाई म्हणत नसतात, इंदुताई.”

माय, मी तिथं रडली अन् हासली, दोन्ही एकदम.

गोपालनं चारही बॅटऱ्या लोहाराच्या ऐरणीवर ठेवून घणानं ठेचल्या. बैलाच्या कपाळावरचा तो पिवळा कागदही मी काढून टाकला, अन् तिथं साधं कुंकू लावलं. दुपारी तोरणाखाली त्रेपन्न बैल उभे राह्यले, आभाळ उघडलं, अन् याडीचे आरसे अशेच चमकले, कोणी काही न करता. पहिला नंबर कोणाचा आला? नानाजीच्या नातीचा! घे! आपला दुसरा. स्पृहाले स्टीलचा डबा भेटला. ती म्हणते, डबा चांगला हाय, पहिल्याले नुसती वही होती.

उद्या यवतमाळले जातो. तू रडून नको राहू. पेढे मी पाठवून राह्यली, दुसऱ्या नंबराचेही पेढे गोडच लागतेत.

तुही आजी


नागपूर
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०१४

ती. आजी,

पेढे पोचले. वॉर्डनबाईंनी दोन घेतले.

डॉक्टरांचा कागद आईनं मला पाठवला. तू त्यांना “माशीचं वय काय?” असं विचारलंस म्हणे. ते आईला म्हणाले, असे पेशंट मला रोज मिळोत. डाग लहान आहे, पण अगदी नजरेच्या मधोमध आहे. काही महिन्यांत थोडा आकसेल, पूर्ण जाईल असं ते म्हणत नाहीत. डाव्या डोळ्याचा आतला पडदा बराच स्वच्छ दिसला, म्हणून त्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर नक्की ठरवलं आहे. मी रजा काढून येते.

त्या बाजारातल्या विक्रेत्याचं काय झालं? मामा त्याला जाब विचारायला गेला होता ना?

आजी, एक मागते. माझं दोन ऑगस्टचं पत्र फाडून टाक. ज्यात मी “लाव खुशाल” लिहिलं ते. तू माझी पत्रं गादीखाली ठेवतेस आणि पुन्हा पुन्हा वाचतेस, हे मला माहीत आहे. ते तिथं असलं की मला झोप लागत नाही. मी डोळ्यांचं शिकते आहे आणि माझ्याच आजीच्या डोळ्याला मी परवानगी दिली.

तुझी
शाल्मली


सावरटेक
रविवार, ९ नोव्हेंबर २०१४

चि. शाल्मली,

तू गेली अन् दोन दिवसांनी मी हे लिहाले बसली. डॉक्टरनं लिहू नका म्हटलं होतं, पण त्यानं ते तोंडानं सांगतलं, कागदावर नाई.

डाव्या डोळ्यानं लिहून राह्यली. अक्षर आता खाटेवर पाय वर घेऊन बसते का नाई, पाह्य बरं. पट्टी काढली तेव्हा तूच समोर होती, म्हणून पहिल्यांदा तू दिसली, हे तुले माहीत हाय. पण घरी आल्यावर पहिल्यांदा काय पाह्यलं ते तुले माहीत नाई. मी कोणाले न सांगता वावरात गेली. पऱ्हाटी फुटली हाय. दुबार पेरली तरी फुटली. बोंडं अशी पांढरी का मी उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या. वेचणाऱ्या बाया म्हणे, “इंदुताई, भाव पडला हाय वो, टाळ्या कायले वाजवता?” मी म्हटलं, “भाव पडू दे. पांढरा तर पांढराच हाय ना!” याडी माह्या बाजूले उभी होती. म्हणे, “हिले नवा डोळा भेटला का ही दोन महिने अशीच करते.”

तो बाजारवाला महागावात दिसत नाई. गोपाल गेला तर त्याच्या दुकानाचं पाल उठलं होतं. आता मुकुटबनच्या बाजारात बसते म्हणतात. माह्या बहिणीचं घर तिथंच हाय, तिले पोस्टकार्ड टाकलं. लिहिलं, हिरवी दोरी विकणारा दिसला तर बायांले जमव, छत्री पाहिजे असन तर पाठवतो. बुढा छत्री द्याले तयार नाई. मी नवी घेऊन देतो म्हटलं, तर म्हणते, “ही साक्षीदार हाय.” पाऊस आला का अजून टकलावर थेंब पडते, पण आता कुरकुर करत नाई. नानाजीनं बुढ्याले शाळेत बोलावून मुलांसमोर ती छत्री त्याच्या हातानं उघडाले लावली. बुढा दोन दिवस शास्त्रज्ञावानी चालत होता.

माशी हाय अजून. लहान झाली, चिलटाएवढी. मी तिले नाव ठेवलं नाई, ठेवलं तर जाणारच नाई.

आता तुह्या त्या पत्राचं. पोरी, मी ते फाडलं नाई. काल सारे पत्र गादीखालून काढून उन्हात मांडले अन् वाचले. तुह्यं दोन ऑगस्टचं हातात घेतलं. आधी उजव्या डोळ्यानं वाचलं. सारं दिसलं. वॉर्डनबाई हासल्या ते दिसलं, तुहा थरथरणारा हात दिसला, थेंब तीनदाच टाक ते दिसलं. पण तू म्हणतं त्या दोन शब्दांवर आली तर माशी तिथंच बसली. नेमकी तिथंच. मी कागद हलवला, मान हलवली, ती तिथंच. मंग मी तिले हाकलली नाई.

डाव्यानं वाचलं तर ते दोन शब्द दिसतेत. पण ते पत्र मी उजव्यानंच वाचतो.

तुही आजी
इंदुताई